हबसाण आपल्याच जिल्ह्यात होतं: शाळेच्या इतिहासातले आफ्रिकी लोक

(शिरढोण, ता. पनवेल इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की काळ्या लोकांचा इतिहास मुलांना कसा शिकवतात हा प्रश्न अमेरिकेतला. तिथे कार्टर वुडसन या इतिहासकारानं १९२६ मध्ये त्यासाठी एक आठवडा सुरू केला, १९७६ पासून फेब्रुवारीचा अख्खा महिना पाळला जाऊ लागला, आणि तो नीट शिकवतात की नाही यावर तिथे आजही भांडणं चालू आहेत. ती त्यांची भांडणं. वासुदेव बळवंतांच्या गावात त्यांची चर्चा कशाला?

आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न रायगड जिल्ह्याइतका जवळचा फार थोड्या जिल्ह्यांना आहे. कारण आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्याला एकेकाळी 'हबसाण' म्हणत. हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. हबश म्हणजे आफ्रिकेतला इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता आणि त्या संस्थानाचे नवाब सिद्दी होते, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाचे. संस्थान विलीन झालं, भाग कुलाबा जिल्ह्यात आला, १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. इतक्या जवळची गोष्ट. आता घरी गेल्यावर पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलाला विचारून बघा: "बाळा, सिद्दी कोण?" उत्तर येईल, "शिवाजी महाराजांचा शत्रू." पुढचा प्रश्न विचारा: "तो आला कुठून?" मूल गप्प बसेल. आणि खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी बसलेले आपणही गप्प बसू.

आज बोलायचं आहे ते या गप्प बसण्याबद्दल.

मुलांना आफ्रिकी माणूस कुठे भेटतो?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला आफ्रिकी वंशाची माणसं साधारण चार ठिकाणी भेटतात. एक, सामान्यज्ञानात: लिंकननं गुलामगिरी नष्ट केली, मंडेला सत्तावीस वर्षं तुरुंगात होते, मार्टिन ल्यूथर किंगवर गांधीजींचा प्रभाव होता. एका वाक्याचं उत्तर, एक गुण. दोन, चौथीच्या शिवचरित्रात, पन्हाळ्याच्या वेढ्यात: सिद्दी जौहर. तीन, त्याच पुस्तकात भोसले घराण्याच्या ओघात: निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. आणि चार, सहलीत: जंजिरा किल्ला.

गंमत बघा. जिथे माणूस 'काळा' म्हणून ओळखला जातो तिथे तो अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत असतो, आणि बिचारा असतो, दुसऱ्यानं सोडवलेला असतो. आणि जिथे तो आपल्याकडे असतो, हातात तलवार घेऊन, सत्ता घेऊन, तिथे तो आफ्रिकी आहे हे मुलांच्या मनावर ठसत नाही. 'हबशी' हा शब्द नुसता येऊन गेला तरी भागत नाही. हबशी म्हणजे कुठला, तो इथे कसा पोचला, हे सांगावं लागतं. ते राहून जातं. म्हणून मलिक अंबर आणि मंडेला यांचा काही संबंध असू शकतो, हे आपल्या मुलाच्या डोक्यात कधीच येत नाही.

यात पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांचा काही डाव आहे असं आम्ही म्हणत नाही. चौथीचं पुस्तक हे शिवचरित्र आहे. चरित्रात बाकीची माणसं नायकाच्या संबंधानं येणार आणि जाणार. अडचण अशी, की बहुतेक मुलांना मलिक अंबर आणि सिद्दी पुन्हा सविस्तर कुठे भेटतच नाहीत. चौथीत जे चित्र डोक्यात बसलं, तेच जन्मभर राहतं.

मलिक अंबर: वजीर, पण कुठला?

मलिक अंबराचंच घेऊ. साधारण १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं एक मूल. नाव चापू. लहानपणीच विकलं गेलं. अंबरला पुढे प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की मोखा बंदराच्या बाजारात त्याला ८० गिल्डरना विकलं होतं. तिथून बगदाद. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. मग दख्खन. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगेजखानानं. आणि हा चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम! मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. थोडे घोडेस्वार जमवले, कधी विजापूरकडे, कधी गोवळकोंड्याकडे चाकरी केली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळे धरून चालले होते, तेव्हा या माणसानं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, गादीवर बसवला, आणि पुढची पंचवीस वर्षं अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही.

हे लढणं तो कोणाच्या जोरावर लढला? मराठी घोडेस्वारांच्या. डोंगराचा आडोसा, रसद तोडणं, रात्रीचे छापे. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्यातलं बरंच काही या काळात मोगलांवर वापरून तावूनसुलाखून निघालं. १६२४ ची भातवडीची लढाई अहमदनगरजवळची. तळ्याचं पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले.

आणि हा माणूस फक्त लढवय्या नव्हता. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून नंतरही लोकांच्या तोंडी राहिली. १६१० मध्ये त्यानं खडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. आज पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या त्या शहरातल्या मुलांना हे शिकवायला नको का?

जहांगीरचा त्याच्यावर इतका राग, की त्यानं चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. अंबरचं मुंडकं भाल्यावर लावलेलं आहे आणि बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलंच नाही. अंबर १६२६ मध्ये आपल्या मरणानं वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहाला जे रणांगणावर जमलं नाही, ते त्यानं कागदावर करून घेतलं. आता उलट बाजू बघा. शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' लिहिलं, त्यात भातवडीच्या वर्णनात मलिक अंबराच्या शौर्याचा गौरव आहे. म्हणजे शिवकाळातल्या माणसांना हा आपल्या आजोबांच्या पिढीतला मोठा माणूस वाटत होता. आपल्या वर्गात मात्र तो एका वाक्याचा वजीर आहे.

आमची टीका इथे आहे. एका मुलाला विकलं गेलं, ते समुद्र ओलांडून आलं, आणि त्यानं राज्य वाचवलं. चौथीच्या मुलाला समजेल, आवडेल, आठवेल अशी याहून चांगली गोष्ट कोणती? ती आपल्याकडे आहे आणि आपण ती सांगत नाही.

पन्हाळ्याच्या दोन्ही बाजूंना

आता पन्हाळा. १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसातली ती रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू. या धड्याला हात लावावा असं आम्ही म्हणत नाही. तो मुलांना पाठ असतो आणि असावा. फक्त एक माणूस त्यात यावा. त्याच वेळी स्वराज्याच्या बाजूनं सिद्दी हिलाल नावाचा सरदार नेताजी पालकरांबरोबर तो वेढा फोडायला धावला होता, आपल्या मुलाला घेऊन. म्हणजे वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडायला येणाराही सिद्दी.

एवढं एक वाक्य आलं की काय होतं? 'सिद्दी' हा शब्द शत्रूचं नाव राहत नाही, ते माणसांच्या एका समाजाचं नाव होतं. आणि समाजात, आपल्या समाजासारखीच, या बाजूची माणसं असतात, त्या बाजूची असतात. मराठे आदिलशाहीत होते म्हणून आपण 'मराठे म्हणजे शत्रू' असं शिकवतो का? नाही ना.

"पण सिद्दीनं छळ केला, त्याचं काय?"

हा प्रश्न कोकणात येणारच, आणि यायलाच हवा. जंजिऱ्याच्या सिद्दीनं किनाऱ्यावर धाडी घातल्या, गावं लुटली, माणसं धरून नेली. बाळाजी विश्वनाथ भटांचं घराणं श्रीवर्धनचं, सिद्दीच्या जाचामुळे त्यांना गाव सोडावं लागलं. महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला तो काही हौस म्हणून नाही. यातलं काहीही लपवायचं कारण नाही. जंजिऱ्याचा उदोउदो करा असं आम्ही मुळीच सांगत नाही.

आम्ही सांगतो ते वेगळं. छळ केला तो एका सत्तेनं, कातडीच्या रंगानं नाही. हा फरक मुलाला शाळेनं नाही शिकवला तर कोण शिकवणार? आणि गुलामीचं बोलायचं तर सगळ्यांचं बोला. अरबांनी माणसं विकली, पोर्तुगीजांनी आफ्रिकी माणसं गोव्यात, वसईत, चौलला आणली. आणि पेशवाईत आपल्या घरांतून कुणबिणी होत्या, विकत घेतलेल्या बायका, त्यांच्या खरेदीविक्रीची कागदपत्रं आहेत. कंपनी सरकारनं १८४३ मध्ये कायदा केला तोवर हे चालूच होतं. गुलामगिरी म्हटलं की मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त अमेरिकेतलं कापसाचं शेत येतं. ते चित्र खरं आहे, पण अर्धवट आहे. त्यात आपलं घर नाही.

हे घर दाखवून देणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. अमेरिकेत गुलामगिरी संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून या माणसाला दोन दुःखांचा सांधा दिसला. तो सांधा पुढेही तुटला नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपल्या शाळेत 'गुलामगिरी' हे पुस्तकाचं नाव म्हणून विचारतात. लेखक कोण, जोड्या लावा. अर्पणपत्रिकेवर प्रश्न विचारा की एकदा!

जंजिऱ्याची सहल

सहलीबद्दल थोडक्यात. राजपुरीहून शिडाच्या होडीनं मुलं किल्ल्यात जातात, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढतात, दरवाज्यावरचं हत्ती पकडलेल्या श्वापदाचं शिल्प बघतात, आणि 'किल्ला कधीच जिंकता आला नाही' हे ऐकून परत येतात. हा किल्ला तीनशेहून अधिक वर्षं कोणी राखला, ती माणसं कुठून आली, यावर अवाक्षर नाही. जवळच खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सरदारांच्या कबरी. तिथे बस थांबत नाही. अर्धा तास थांबली तर मुलांना कळेल, की ही माणसं इथे नुसती लढली नाहीत, इथे राहिली, इथेच मेली, इथल्याच मातीत आहेत.

नाशिकची शाळा

आणखी एक गोष्ट, जी शिक्षकांना विशेष आवडावी, कारण ती शाळेचीच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असे. त्यांतली सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणत. १८६० च्या सुमारास मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला अशा मुलांसाठी शाळा चालवली. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेली माणसं होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीला हजर होता. याच सुमारास नाशिकच्या बऱ्याच आफ्रिकी लोकांना मोंबासाजवळच्या वसाहतीत नेलं. तिचं नाव फ्रीअरटाउन, आपल्या मुंबईचा गव्हर्नर होऊन गेलेल्या बार्टल फ्रीअरवरून.

शरणपूर रोडवरून रोज किती नाशिककर जात असतील! नावातलं 'शरण' कोणाचं, हे किती शाळांत सांगतात?

यात मुलांचं काय जातं?

कोणी म्हणेल, माहिती नसली तर नसली, बिघडलं काय? बिघडतं. आपल्या बोलण्यात 'हबशी' ही शिवी आहे. वर्गातलं सावळं मूल, कुरळ्या केसांचं मूल हा शब्द ऐकतं. चिडवणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नसतो, ऐकणाऱ्यालाही नसतो, लागतं मात्र नेमकं. आता विचार करा, त्याच वर्गात महिनाभरापूर्वी मलिक अंबराची गोष्ट नीट सांगितली गेली असेल, तर त्या शब्दाची धार तशीच राहील का? सगळी जाईल असं आम्ही म्हणत नाही. पण शिक्षकाच्या हातात काहीतरी येईल.

आणि सिद्दी हा काही संपलेला विषय नाही. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज आजही आहे. त्यांचे बरेच पूर्वज गोव्यातून गुलामी सोडून पळालेले. घरात बोलतात ती कोकणी, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं, २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. आपल्यासारखीच भाषा बोलणाऱ्या या माणसांना बाहेर पडलं की 'तुमचा देश कुठला' असं विचारतात. आपल्या पुस्तकानं सिद्दीला किल्ल्यात बंद करून ठेवलं, म्हणून जिवंत सिद्दी समोर आला की तो परदेशी वाटतो.

मग करायचं काय?

शिक्षक म्हणतील, तास पस्तीस मिनिटांचा, अभ्यासक्रम संपत नाही, वर शाळाबाह्य कामं. बरोबर आहे. म्हणून आम्ही नवं पुस्तक मागत नाही. तीन साध्या गोष्टी मागतो.

पहिली: जिथे सिद्दी किंवा मलिक अंबर हे नाव येईल, तिथे फळ्यावर नकाशा टांगा आणि इथिओपियापासून कोकणापर्यंत बोट फिरवा. पाच मिनिटं लागतात.

दुसरी: स्वाध्यायातला एक प्रश्न बदला. 'पन्हाळ्याला वेढा कोणी घातला?' याच्या जोडीला 'वेढा फोडायला कोण गेलं?' हेही विचारा.

तिसरी: शब्दाचा अर्थ सांगा. सिद्दी हा शब्द मुळात आदराचा आहे, अरबीत 'माझे धनी' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला. हबशी म्हणजे हबश देशाचा, जसा कोकणातला तो कोकणी. शिवी कशी तयार होते, हेही मुलांना त्यातूनच कळेल.

आणि शिरढोणच्या शाळेला तर नकाशा उघडायला आयतं निमित्त आहे. या गावातल्या पोराला एडन हे नाव शिकवावं लागत नाही. वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये इथे जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात गेले, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या नकाशात एडनवर बोट ठेवा. किंचित पश्चिमेला, मग वर सरका: ते मोखा, जिथे चापू नावाचं पोर विकलं गेलं. समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडा: आफ्रिका. एक माणूस साखळदंडात इथून तिकडे गेला, एक मूल विकलं जाऊन तिकडून इकडे आलं. दोघांमध्ये तीनशे वर्षांचं अंतर आहे, समुद्र एकच.

फडक्यांच्या बंडातही हेच शिकवून बघा. त्यांच्याबरोबर रामोशी, कोळी, धनगर होते. पुस्तकात ते 'रामोश्यांची फौज' म्हणून एका शब्दात येतात, दौलतराव नाईकांसारखं नाव क्वचित घेतलं जातं. माणसांना नाव आणि गाव न देता नुसतं जातीचं किंवा जमातीचं लेबल लावायची ही सवय एकाच धड्यापुरती नाही. ती मोडायला सुरुवात कुठूनही करता येते. आमची विनंती एवढीच, की ती या वर्षी, याच जिल्ह्यातल्या एखाद्या चौथीच्या वर्गापासून व्हावी.